हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

गेल्या वर्षी आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालो, तेव्हा सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागला. ‘ऑस्ट्रेलिया दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.’ वर माझा फोटो, खाली सेक्रेटरी, खजिनदार आणि इतर सात शुभेच्छुकांचे फोटो. माझा त्यांच्याहून किंचित लहान होता. बायकोचा नव्हताच. भाईंदर पूर्वेत फ्लेक्स लागायला फार कर्तबगारी लागत नाही, वाढदिवस येणंही पुरतं. तरी मुलीच्या घरी जाऊन सोफ्यावर बसण्याला कोणी दौरा म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्यावर मी आठवडाभर विनोद केले. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे वाचायला वेळ मिळाला आणि दुसऱ्यांच्या भपक्याला हसायची सवय लागली. इमारतीत माझी ख्याती तीच आहे.

माझी दुसरी एक गोष्ट इमारतीत कोणालाच माहीत नव्हती. चौदा वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला. तेव्हा त्याला मी हा शब्द वापरत नव्हतो. ‘जरा थकवा आहे’ म्हणत होतो. पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, पण त्यांचा अर्थ लागेपर्यंत पहिला शब्द हरवायचा. ग्रंथपालाला वाचता येऊ नये हा प्रकार दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडला असता तर मी त्यावरही काहीतरी बोललो असतो. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. रोज सकाळी एक. अचानक बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. गोळीने मी माणसांत आलो आणि तेव्हापासून ती चालू आहे.

आमच्या इमारतीच्या खालीच औषधांचं दुकान आहे. तिथून ही गोळी कधीच आणली नाही. दुकानदार सगळ्यांना ओळखतो, आणि सगळे दुकानात असतात. म्हणून बायको दर महिन्याला स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जायची आणि तिकडच्या दुकानातून पट्ट्या आणायची. मी का जात नव्हतो? मला पश्चिमेलाही लोक ओळखतात, असं माझं म्हणणं होतं. घरी आल्यावर गोळ्या पट्टीतून काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायच्या, हीही माझीच युक्ती. पिवळी, गोल, घट्ट झाकणाची डबी. स्वयंपाकघराच्या फळीवर मसाल्यांच्या रांगेत ती चौदा वर्षं उभी होती आणि पाहुण्यांपैकी कोणाला कधी तिचा संशय आला नाही. आमच्याकडे हिंग दोन डब्यांत असतो, एवढंच मुलीला माहीत. गोळ्यांना हिंगाचा वास लागायचा. चौदा वर्षं मी मनाचं औषध आमटीच्या वासासकट गिळलं.

निघण्याच्या महिनाभर आधी मुलीने मोबाइलवर एक यादी पाठवली. औषधं मूळ पट्टीतच आणा. डॉक्टरांचं इंग्रजीत पत्र आणा, त्यात औषधाचं नाव आणि ते कशासाठी ते लिहिलेलं असू दे. तीन महिन्यांपेक्षा जास्त आणू नका. इथे तिकडची चिठ्ठी चालत नाही, संपलं तर पंचाईत होईल. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘बाबा, हे वाचून हसू नका.’

मी हसलो. एक गोळी न्यायला प्रमाणपत्र म्हणजे काय, उद्या शिंक न्यायलाही लागेल, असं काहीतरी बोललो. खरं कारण वेगळं होतं. पत्र घेतलं असतं तर त्यात आजाराचं नाव इंग्रजीत, ठळक, शिक्क्यासह आलं असतं आणि मुलीने विमानतळावर ते हातात घेऊन वाचलं असतं. जावयाने वाचलं असतं. ते टाळण्यासाठी मी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून तीन महिन्यांच्या गोळ्या एकेक करून पट्ट्यांतून फोडल्या आणि डबीत भरल्या. अंगठा दुखायला लागला. रिकाम्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी स्टेशनजवळच्या कचरापेटीत टाकून आलो, कारण इमारतीतला कचरा वेगळा करणाऱ्या बाई निरक्षर नाहीत.

बायको समोर बसून मेतकुटाच्या पुड्या बांधत होती. ती एवढंच म्हणाली, “तिने पट्टीत आणा सांगितलंय.”

“एवढ्या सामानात कोण डबी उघडून बघतंय?”

ती पुढची पुडी बांधायला लागली. ती मूळची इथल्याच वरसावे गावची. तिच्या माहेरी भाताची शेती होती आणि एकदा सांगितलेलं परत सांगायची पद्धत नव्हती.

डबी तिच्या पिशवीत गेली, कारण खायच्या वस्तूंची पिशवी तिच्याकडे होती आणि हिंग खायच्या वस्तूंतच शोभतो.

विमानात एक फॉर्म भरायला देतात. खाण्याचे पदार्थ आहेत का, औषधं आहेत का, असे प्रश्न असतात. मी माझ्या फॉर्मवर औषधांपुढे ‘नाही’ अशी खूण केली. तांत्रिकदृष्ट्या डबी माझ्याकडे नव्हती. बायकोने तिच्या फॉर्मवर सगळ्यांपुढे ‘हो’ केलं. त्यामुळे उतरल्यावर आम्हाला तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि त्याबद्दल मी तिच्यावर थोडा चिडलोही.

तपासणीला हातमोजे घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी भाजणी हुंगली, मेतकूट हुंगलं, गोडा मसाला हुंगून भुवया उंचावल्या आणि सगळं परत दिलं. बायकोने स्वतःहून एक प्लास्टिकचं फोल्डर पुढे केलं. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या आणि एक पत्र होतं. बाईंनी पत्र वाचलं, पट्ट्यांशी ताडून पाहिलं, धन्यवाद म्हणून परत केलं. मला वाटलं, कॅल्शियमच्या असतील. बायकांना कॅल्शियम देतात.

मग त्यांनी हिंगाची डबी उघडली.

आधी वास घेतला आणि मान मागे घेतली. मग डबी कागदावर उलटी केली. नव्वदेक पांढऱ्या गोळ्या कागदावर सांडल्या. काही गडगडत भाजणीच्या पिशवीपाशी जाऊन थांबल्या. बाईंनी शांतपणे विचारलं, हे काय आहे आणि कोणाचं आहे?

मला इंग्रजी उत्तम येतं. सोसायटीचे सगळे अर्ज मी लिहितो. पण त्या वेळी मी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होतो. तिच्यात काय लिहिलं होतं ते आज आठवत नाही. वाचून झाली तरी मी मान वळवली नाही, हे आठवतं.

“माय टॅब्लेट,” बायको म्हणाली. कशासाठी, असं विचारल्यावर तिने बोट कपाळाला लावलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. पट्टी नाही, नाव नाही, पत्र नाही, तेव्हा ह्या गोळ्या नक्की काय आहेत हे सांगता येत नाही, म्हणून त्या ठेवून घ्याव्या लागतील. इथल्या डॉक्टरांना भेटा, असं त्यांनी समजावलं आणि एक कागद दिला. वागण्यात चूक काढायला जागा नव्हती. मी शोधत होतो. रिकामी डबी मात्र त्यांनी परत दिली.

बाहेर मुलगी उभी होती. दोन वर्षांनी भेटत होती. मिठी मारून झाल्यावर तिने एवढा वेळ का लागला विचारलं. इथे मी तोंड उघडू शकलो असतो, आणि उघडलंही.

“आईच्या गोळ्या ठेवून घेतल्या,” मी म्हणालो. “जरा मन शांत राहण्यासाठी असतात त्या.”

आत मी नुसता गप्प होतो. बाहेर मी खोटं बोललो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सामानाची ढकलगाडी पुढे घेतली.

पुढचे चार दिवस मुलीने आईला फुलासारखं जपलं. तिला एकटीला अंगणात जाऊ देईना. टीव्हीवर कोणी रडायला लागलं की चॅनल बदलायची. जावई, जो एरवी मोठ्याने हसतो, तो दबक्या आवाजात बोलायला लागला. बायको मात्र ठणठणीत. पहाटे उठून धिरडी घालत होती, परसात कढीलिंबाचं रोप लावण्यासाठी जागा शोधत होती. आजारी दिसत होतो तो मी. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. जावयाने बोलता बोलता सहज काहीतरी विचारलं आणि मी त्याच्यावर खेकसलो. “प्रवासाचा शीण आहे,” मी म्हणालो. ‘थकवा’ हाच माझा जुना शब्द, फक्त कपडे बदललेला.

मुलीने डॉक्टरांची वेळ घेतली. त्यासाठी तिला गोळीचं नाव हवं होतं. मी नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, किती मिलिग्रॅमची तेही. ती लिहून घेताना थांबली.

“आईची औषधं तुम्हाला एवढी पाठ आहेत, बाबा?” ती म्हणाली. “मला वाटायचं तुम्ही घरात लक्षच देत नाही.”

मी ते कौतुक स्वीकारलं.

त्याच दुपारी पाणी प्यायला गेलो तर स्वयंपाकघरात दोघी होत्या. मुलगी आईला विचारत होती, कधीपासून घेतेस, मला का नाही सांगितलंस. मग तिचा आवाज बदलला. “मी इकडे आले म्हणून झालं का गं? मी तिथे असते तर...” आणि ती रडायला लागली. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. “नाही गं, तुझ्यामुळे काही नाही,” एवढंच परत परत म्हणत होती. मी दाराआड ग्लास हातात घेऊन उभा होतो. आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर तो रडण्याचा प्रसंग तिथेच संपला असता. मी तहानलेलाच परत खोलीत आलो.

पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, स्वतः दारापर्यंत येऊन आत घेऊन गेले. बायको त्यांच्यासमोर, तिच्या शेजारी मुलगी, मी थोडा मागे. बायकोचं इंग्रजी ‘माय टॅब्लेट’च्या पुढे जात नाही. मुलगी भाषांतर करणार होती. मी म्हणालो, मी करतो, तुला नेमके शब्द सापडायचे नाहीत. खरं तर बायको काय बोलेल यावर मला पहारा ठेवायचा होता.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी सुरू होण्याआधी काय त्रास व्हायचा?

बायको मांडीवरच्या पिशवीकडे बघत सांगायला लागली. “सकाळी जाग येते, पण उठवत नाही. पेपर हातात असतो, तासभर पान उलटलं जात नाही. आवाज दिला तर ऐकू येतो, पण ओ देववत नाही. जेवण पुढ्यात असलं तरी भाजी कसली हे सांगता यायचं नाही. संध्याकाळी दिवा लावला की तोंड भिंतीकडे.”

यातलं एकही वाक्य मी तिला कधी सांगितलं नव्हतं. थकवा आहे, याच्यापलीकडे चौदा वर्षांत मी तिच्याशी त्यावर बोललो नव्हतो. तिने हे सगळं बघून लिहून ठेवावं तसं लक्षात ठेवलं होतं, आणि मी माझाच आजार तिचा म्हणून वाक्यावाक्याने इंग्रजीत घालत होतो. ‘ओ देववत नाही’ याला मला एक चांगला इंग्रजी शब्द सुचला. तो सुचला म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल मला कळलेल्या गोष्टींत ही सर्वांत वाईट.

बायकोला आता लय सापडली होती. भावनेच्या भरात तिची बोली माहेरी जाते.

“आन् चार-चार दिस दाढी करीत न्हाय,” ती म्हणाली.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मुलीने आईकडे पाहिलं. मग हळूच वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीकडे. मी विमानतळावर उतरल्यापासून दाढी केलेली नव्हती.

डॉक्टर की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होते. खोलीत कोणीही मला मदत केली नाही, बायकोनेही नाही. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला होता.

मी इंग्रजीत म्हणालो, गोळ्या माझ्या आहेत.

डॉक्टरांना धक्का वगैरे बसला नाही. त्यांनी खुर्ची बायकोकडून माझ्याकडे वळवली, अगदी थोडी, मोजली तर वीतभरही नसेल, आणि माझं नाव विचारलं. त्यानंतर त्यांनी मला तेच सगळे प्रश्न विचारले आणि मी बायकोचीच उत्तरं दिली, कारण तिच्याइतकं अचूक मला सांगता येत नव्हतं. त्यांनी औषध लिहून दिलं. मग सौजन्याने तिलाही विचारलं की तुम्ही काही घेता का. तिने ते प्लास्टिकचं फोल्डर काढलं. पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. रक्तदाबाची गोळी. अडीच वर्षांपासून.

“अडीच वर्षं?” मी मराठीत विचारलं.

“तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही वाचत होतात.”

आम्ही गाडीत बसलो. मुलगी चालवत होती. एका सिग्नलला थांबल्यावर ती माझ्याशी बोलेल असं वाटलं, पण ती आईशी बोलली.

“आई, तू मला रडू दिलंस.”

“ते सांगतील म्हणून थांबले होते,” बायको म्हणाली.

मी मागच्या सीटवर होतो. सिग्नल सुटला.

मुलीने मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने गोळीची पट्टी माझ्या बशीत ठेवली, सगळ्यांच्या देखत, साखरेचा चमचा ठेवावा तशी. जावई पुन्हा मोठ्याने हसायला लागला, म्हणजे घर पूर्ववत झालं असं धरायला हरकत नव्हती. आईला मात्र ती शेवटपर्यंत जपत राहिली. आता त्याचं कारण वेगळं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकावर दुसऱ्या कोणाचा तरी फ्लेक्स होता. मी त्यावर काही बोललो नाही. तिकडची शेवटची पट्टी संपत आली तसा मी डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणली आणि एका सकाळी खालच्या दुकानात गेलो. गर्दी होती. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खोकल्याचं औषध घेत होते, जवळच्या शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

“काका, किसका है?” दुकानदाराने विचारलं.

“मेरा.”

त्याने चिठ्ठी वाचली, आत गेला, पट्ट्या घेऊन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बाटलीवरची तारीख तपासली आणि निघून गेले. बाईंनी मोबाइलमधून मान वर केली नाही. चौदा वर्षं ज्यांच्यापासून लपवलं त्या लोकांना त्यात एवढीही गोडी नसावी याचा मला, खरं सांगतो, थोडा अपमान वाटला.

“और आंटी का?” दुकानदार म्हणाला. “बीपी वाला. हर महीने ले जाती है. तीन महीने आप लोग थे नहीं, तो लगेगा ना?”

म्हणजे स्वतःची गोळी ती दर महिन्याला इथूनच, घरापासून वीस पायऱ्यांवरून, उघड नेत होती. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पूल चढून पश्चिमेला जात होती ती माझ्यासाठी. मी म्हणालो, द्या. त्याने किती विचारलं, तेव्हा मला सांगता येईना. तो हसला आणि नेहमीइतक्या काढल्या.

दोन्ही औषधं त्याने एका खाकी पिशवीत घातली. पिशवी नको म्हणणार होतो. पट्ट्या हातात धरून जिना चढावा, दिसू देत ज्याला दिसायच्या त्याला. मग वाटलं, हाही एक फ्लेक्सच झाला. पिशवी घेतली.

बायको ओट्यापाशी होती. मी दोघांच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. तिने स्वतःची उलटून पाहिली, मग माझी.

“पश्चिमेला जाऊन आलात?”

“नाही. खालून आणली.”

तिने हात पदराला पुसले. फळीवरून हिंगाची ती रिकामी डबी काढली, धुतली आणि उन्हात पालथी ठेवली.

“खाली मिळते होय,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा होता का, याचा मी अजून विचार करतोय. नसावा. असता तर बरं झालं असतं.